वळणावरचा खांब

स्थापत्यावरील ग्रंथांत देवळाच्या शिखराला, राजवाड्याच्या सभामंडपाला किंवा किल्ल्याच्या महाद्वाराला जो मान मिळतो, त्याचा शतांशही जिन्याच्या वाट्याला आलेला नाही. आणि जिन्याविषयी जे थोडेबहुत लिहिले गेले त्यात पायरीची उंची किती असावी, रुंदी किती असावी, चढणाऱ्याला दम लागू नये म्हणून मध्ये विसावा कोठे द्यावा, याचा ऊहापोह पुष्कळ असला, तरी ज्याला धरून आपण पहिली पायरी चढतो आणि ज्याला वळसा घालून वरच्या मजल्याकडे तोंड फिरवतो, त्या खांबाचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला आढळतो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तो खांब आहे. एवढ्याशा वस्तूवर सबंध पुस्तक कशाला, असे विचारणारे मित्र मला भेटले आहेत, आणि त्यांची शंका अगदीच गैरवाजवी आहे असे मला म्हणवत नाही. परंतु पिढ्यान् पिढ्या ज्या वस्तूला घरातल्या प्रत्येक माणसाचा दिवसातून दहादा हात लागतो, तिच्याविषयी आपल्यापाशी दहा वाक्येही असू नयेत, हे मला नेहमी खटकत आले आहे.

सरळ चढत जाणाऱ्या जिन्याला खांबाची फारशी गरज नसते. दोन बाजूंच्या फळ्या खाली जमिनीवर आणि वर तुळईवर टेकल्या, त्यांत पायऱ्या बसवल्या, की काम भागते. प्रश्न उभा राहतो तो जिना वळू लागला म्हणजे. एका दिशेने चढत आलेली फळी तेथे संपते, दुसऱ्या दिशेने जाणारी तेथेच सुरू होते, दोन्ही कठड्यांच्या दांड्या निरनिराळ्या उंचीवर येऊन पोचतात, चौथऱ्याची तुळई तिसऱ्याच बाजूने येते, आणि या सगळ्यांना एका ठिकाणी एकमेकांत गुंतवून ठेवील असे काहीतरी तेथे असावे लागते. हा खांब ते काम करतो. पाहणाऱ्याला तो भार पेलणारा वाटतो, आणि काही अंशी पेलतोही. पण त्याचे मुख्य काम सांध्याचे आहे, आणि त्याच्या साऱ्या इतिहासाचे मर्म माझ्या मते एवढ्यात आले. ज्या जागी सुताराला सर्वांत अधिक अडचण पडली त्याच जागी त्याने सर्वांत अधिक नक्षी केली, असे ज्या काळात घडले तो या खांबाचा उत्कर्षकाळ. अडचण एकीकडे आणि नक्षी दुसरीकडे अशी फारकत झाली तेव्हापासून त्याची उतरती कळा लागली. हे मत सर्वांना पटेल अशी अपेक्षा नाही. ते पुढील प्रकरणांत पुराव्यानिशी मांडले आहे, आणि येथे त्याची केवळ रूपरेषा द्यावयाची आहे.

या खांबाची हकीकत लाकडाच्या आधी दगडापासून सुरू होते. सम्राट ट्रेजनच्या विजयाप्रीत्यर्थ इ. स. ११३ मध्ये रोम येथे जो जयस्तंभ उभारण्यात आला, त्याच्या बाह्यांगावर कोरलेली डेशियाच्या मोहिमेची चित्रमाला पाहण्यासाठी प्रवासी आजही माना उंचावून उभे राहतात. परंतु त्या स्तंभाच्या पोटात १८५ पायऱ्यांचा चक्राकार जिना आहे, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. संगमरवराचे प्रचंड वाटोळे ठोकळे एकावर एक रचून हा स्तंभ सिद्ध केला असून, प्रत्येक ठोकळ्यातील पायऱ्या, बाहेरची भिंत आणि मधला गाभा ही तिन्ही त्याच दगडातून कोरून काढलेली आहेत. त्या गाभ्याला आपल्या खांबाचा मूळपुरुष मानण्यास हरकत नाही.

मध्ययुगीन युरोपातील गवंड्यांनी हीच युक्ती पुष्कळ काटकसरीने वापरली. अखंड ठोकळा कोरीत बसण्याऐवजी त्यांनी प्रत्येक पायरी एकेका दगडाची घडवली, तिचे रुंद टोक बुरुजाच्या भिंतीत रोवले आणि अरुंद टोकाला वाटोळा आकार दिला. अशा पायऱ्या थोड्या थोड्या फिरवून एकीवर एक बसवीत गेले, की त्यांची वाटोळी टोके परस्परांवर बरोबर येऊन मध्ये आपोआप खांब तयार होतो. खांब आधी उभारावा आणि मग त्याला पायऱ्या जोडाव्या, हा प्रकारच येथे नाही. पायऱ्यांची टोकेच खांब होतात आणि जिना जितका चढेल तितकाच खांब वाढतो. बांधकामाच्या विद्येत याहून मितव्ययी कल्पना मला दुसरी आढळलेली नाही. दक्षिण फ्रान्समधील सँ-झील येथील मठात बाराव्या शतकातील असा एक जिना भग्नावस्थेत शिल्लक असून, त्याच्या पायऱ्यांवरचे दगडी छतही जिन्याबरोबर वळत वळत वर जाते. त्यामुळे छतातील प्रत्येक दगड दोन दिशांनी वाकवून घडवावा लागला आहे. ही घडण साधणे फ्रेंच पाथरवटांच्या विद्येची कसोटी समजली जाई, आणि दूरदूरचे कारागीर यात्रेला यावे तसे तेथे येऊन, जिना नीट न्याहाळून, आपली नावे भिंतीवर कोरून जात.

या दगडी जिन्यांविषयी एक आख्यायिका इतकी रूढ झाली आहे की तिचा परामर्श घेणे प्राप्त आहे. इंग्लंडातील किल्ल्यांचे जिने चढताना उजवीकडे वळतात. त्यामुळे खालून चढून येणाऱ्या शत्रूचा तलवारीचा हात मधल्या खांबाला अडतो आणि वरून लढणाऱ्याचा हात मोकळा राहतो, असे वाटाडे सांगतात आणि प्रवासी माना डोलावतात. विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर अँड्रिया कुक या लेखकाने ही उपपत्ती मांडली. कुक हा स्वतः पट्टीचा तलवारबाज, इंग्लंडच्या पट्टेबाजांच्या चमूचा नायक. तेव्हा जिना पाहताच त्याला प्रथम तलवार आठवली तर नवल नाही. वास्तविक डावीकडे वळणारे जिनेही पुष्कळ किल्ल्यांत आहेत, देवळांच्या मनोऱ्यांत तर दोन्ही प्रकार सर्रास आढळतात. आणि शत्रू शयनगृहाच्या जिन्यापर्यंत येऊन ठेपल्यावर खांबाच्या भरवशावर किल्ला राखू पाहणाऱ्या किल्लेदाराच्या शहाणपणाविषयी आमच्या मावळ्यांनी काय म्हटले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ही विद्या आपल्या मुलखाला अगदीच परकी नव्हती. बहमनी सुलतान अल्लाउद्दीन याने पंधराव्या शतकात दौलताबादच्या पायथ्याशी बांधविलेल्या चांद मिनाराच्या पोटातून जिना असाच फिरत वर गेला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने, मुंबईत पाऊलही न ठेवता, मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचे नकाशे लंडनहून धाडले, आणि १८७८ साली पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्याखालच्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यांवर युरोपीय मध्ययुगातले ते चक्राकार जिने, दगडी खांबांसह, पश्चिम समुद्राच्या वाऱ्यावर उघडे उभे राहिले. ओव्हलच्या मैदानावरून ते स्पष्ट दिसतात. परीक्षेच्या काळजीत असलेल्या पदवीधरांच्या किती पिढ्यांनी तिकडे मान वर करून पाहिले असेल, हा प्रश्न वेगळा.

आता लाकडाकडे वळू. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात इंग्लंडात अंतर्गत शांतता नांदू लागली, उमरावांच्या घरांना तटबुरुजांची गरज उरली नाही, आणि पाहुण्याला वरच्या मजल्यावरील दिवाणखान्यात नेऊन बसविण्याची चाल पडली. वर जाण्याची वाट ही आता मिरविण्याची वाट झाली. बुरुजात कोंडलेला अंधारा दगडी जिना या कामी निरुपयोगी होता. त्याच्या जागी मध्ये चौकोनी पोकळी ठेवून तिच्या चारी बाजूंनी टप्प्याटप्प्याने चढणारा ओकच्या लाकडाचा रुंद जिना आला, आणि मध्यभागीचा एकुलता एक दगडी खांब जाऊन पोकळीच्या चार कोपऱ्यांवर चार लाकडी खांब उभे राहिले. इंग्रज सुतारांनी या चार खांबांवर पुढील पाऊणशे वर्षांत जे कौशल्य ओतले, त्याला तोड नाही.

केंट परगण्यातील नोल येथील वाड्यात टॉमस सॅकव्हिल या राज्याच्या खजिनदाराने १६०५ ते १६०८ च्या सुमारास जो जिना करविला, त्याच्या प्रत्येक खांबाच्या माथ्यावर त्याच्या घराण्याचे चिन्ह असलेला बिबळ्या ढाल धरून बसलेला आहे. पाहुणा वळणावळणावर यजमानाच्या वंशाला मुजरा करीतच वर चढावा, अशी ही योजना. रॉबर्ट सेसिल या प्रधानाने १६११ साली पुऱ्या केलेल्या हॅटफील्ड येथील प्रासादात हे खांब आणखी उंच आणि कोरीव कामाने भरगच्च झाले आहेत. त्यांपैकी एका खांबावर हातात दंताळे घेतलेला एक माळी कोरलेला असून, तो सेसिलसाठी परदेशांतून झाडेझुडपे आणणारा जॉन ट्रॅडेस्कंट होय, असे परंपरेने मानतात. सरदारांच्या आणि सिंहांच्या गर्दीत एका माळ्याला खांबावर जागा मिळावी, ही गोष्ट मला त्या सबंध प्रासादातील ऐश्वर्यापेक्षा अधिक मोलाची वाटते. याच जिन्याच्या तळाशी लाकडी फाटकेही आहेत. घरातल्या कुत्र्यांनी वर जाऊन बिछाने खराब करू नयेत म्हणून ती बसविलेली आहेत, आणि ती टांगायला खांबच उपयोगी पडले. टेम्सच्या काठी हॅम येथील वाड्यात १६३८-३९ मध्ये विल्यम मरे याने केलेल्या जिन्याच्या कठड्यांत ढाली, तोफा, चिलखते यांची नक्षी खच्चून भरली आहे, आणि खांबांच्या माथ्यावर मात्र फळाफुलांनी शीग लावलेल्या करंड्या आहेत. तीन-चार वर्षांत ज्या देशात यादवी पेटणार होती, तेथल्या उमरावाने कठड्यात तोफा आणि खांबावर द्राक्षे कोरवून घ्यावी, यात कोणी भविष्यसूचक अर्थ शोधू पाहील. मला तसे करण्याचे कारण दिसत नाही. खांबाच्या टोकाला हाताशी येणारी वस्तू वाटोळी आणि गुळगुळीतच हवी, तोफेचे तोंड तेथे बोचले असते.

परंतु हे माथे पाहून परत फिरणारा प्रेक्षक निम्मीच वस्तू पाहतो. खांबाचे खरे रहस्य त्याच्या मधल्या भागात, जेथे कोरीव काम विरळ होते तेथे, दडलेले असते. खालून आलेल्या फळीचे कुसू, म्हणजे खाचेत बसणारे टोक, आणि वर जाणाऱ्या फळीचे कुसू अशी दोन कुसवे त्याच्या दोन लगतच्या अंगांत शिरतात, कठड्याच्या दांड्यांची आणखी दोन वरच्या बाजूस शिरतात, आणि मागून चौथऱ्याची तुळई खाच देऊन बसविलेली असते. पाच-सहा इंच चौरस लाकडातून इतका माल कोरून काढल्यावर उरलेल्या लाकडाने न चिरता तीनशे वर्षे उभे राहावयाचे असते. येथे खिळ्याचे काम नाही. खाच आणि कुसू जुळवून दोहोंतून एकच आरपार भोक पाडले आणि खुंटी ठोकली, तर खुंटी केवळ अडसराचे काम करते. म्हणून जाणता सुतार कुसवातील भोक खांद्याकडे अर्धा सूत सरकवून पाडतो, आणि मग निमुळती ओकची खुंटी त्या वाकड्या वाटेने आत जाताना कुसवाला स्वतःच खेचून घेते. खुंटी किंचित वाकते, सांधा आवळला जातो, आणि लाकूड वाळून आकसले तरी तो ताण सुटत नाही. सरस वापरला नाही तरी चालते. जुना जिना उकलताना या खुंट्या बाहेर निघतात त्या हाडासारख्या टणक आणि मधे कंबरेत वाकलेल्या असतात.

वरच्या मजल्याच्या खांबांची आणखी एक गंमत आहे. फळीचे कुसू खांबात ज्या उंचीला शिरते, त्याच्या खाली चार-सहा इंच तरी लाकूड शिल्लक ठेवावेच लागते. नाही तर खाचेखालचा भाग फुटून निघेल. हा शिल्लक भाग अर्थातच चौथऱ्याच्या खाली लोंबत राहतो आणि खालून चढणाऱ्याच्या डोक्यावर येतो. कापून टाकावा तर सांधा दुबळा होतो, ठेवावा तर विद्रूप दिसतो. सुतारांनी तो ठेवला, आणि त्याला ओकच्या फळाचा, डाळिंबाचा किंवा नुसत्या लंबगोल लोलकाचा आकार दिला. पुण्याच्या वाड्यांतील महिरपींतून खाली झुकलेली केळफुले ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे लोलक ओळखीचे वाटतील. अडचणीचे अलंकारात रूपांतर कसे होते, हे दाखविणारी इतकी निर्मळ उदाहरणे थोडी असतील. सबंध पुस्तक वाचण्याचा ज्यांना कंटाळा असेल त्यांनी या लोलकांचे तेवढे प्रकरण वाचावे, अशी माझी शिफारस आहे.

हा खांब काढूनच टाकता येईल काय, असा विचार इटलीत पूर्वीच सुरू झाला होता. तेथील वास्तुविशारद पालादिओ याने १५७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मधोमध खांब असलेल्या चक्राकार जिन्यांबरोबरच मध्ये पोकळ असलेल्या जिन्यांचीही तरफदारी केली आहे: त्यांत वरून उजेड येतो, आणि वर उभा असलेला मनुष्य व खाली चढू लागलेला मनुष्य एकमेकांना पाहू शकतात. पालादिओचा अनुयायी इनिगो जोन्स याने १६३५ च्या सुमारास ग्रिनिच येथील राणीच्या महालात असा दगडी जिना बांधून इंग्लंडाला थक्क केले. प्रत्येक पायरीचे एक टोक भिंतीत, दुसरे अधांतरी, आणि प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर ओझरती टेकलेली. खांबाचा मागमूस नाही. अठराव्या शतकात लाकडी जिन्यांनाही हा ध्यास लागला. कोपऱ्यावरचे खांब आधी बारीक झाले, मग कठड्याच्या दांडीखाली दडले, आणि शेवटी दांडीच एका अखंड प्रवाहाने वळणे घेत वरपर्यंत जाऊ लागली. खाली पहिल्या पायरीवर तेवढी ती शंखासारखी गुंडाळून थांबे. तिरकी आणि वळती अशी दुहेरी वक्र दांडी लाकडात कातणे हे सोपे काम नव्हे. पीटर निकल्सन या स्कॉटिश गवंड्याच्या मुलाने १७९२ साली आपल्या सुतारकामावरील ग्रंथात, दंडगोलाचा तिरका छेद घेऊन ही आकृती कागदावर आधी काढण्याची रीत दिली, तेव्हा भूमितीने सुताराच्या कामगिरीवर ताबा मिळवला. निकल्सनविषयी मला आदर आहे. तथापि हे जिने पाहताना मन प्रसन्न होते आणि हात मात्र काहीसा पोरका राहतो. वळणावर क्षणभर थांबून टेकावे, भार टाकावा, पलीकडच्या माणसाला वाट द्यावी, असे तेथे काही उरलेले नसते.

महाराष्ट्रातील वाचक येथे सहजच विचारील, की आमच्या वाड्यांत काय होते? उत्तर थोडक्यात द्यावयाचे तर, हा खांब नव्हता. वाड्याचा जिना बहुधा जाड भिंतीच्या पोटातून, अरुंद आणि छातीएवढा चढा असा जाई. धरावयाला दोन्ही बाजूंना भिंत असे, क्वचित वरून सोडलेला दोर असे, आणि वर गेल्यावर झडप लावली की खालच्या जगाशी संबंध तुटे. जिना ही लपविण्याची वस्तू होती. सुतारांची प्रतिभा कमी होती म्हणावे, तर विश्रामबागवाड्याचे सुरूदार खांब समोर उभे आहेत. ती प्रतिभा चौकाभोवतालच्या सोप्यात आणि दिवाणखान्यात खर्च होई, कारण पाहुण्याची नजर तेथे पडे. कोणत्या समाजाने कोणत्या खांबावर पैका खर्च केला हे पाहिले, म्हणजे त्याच्या आदरातिथ्याची रीत बरीचशी कळते.

एकोणिसाव्या शतकात खांब परत आला, आणि थाटामाटाने आला. पण तो आला कारखान्यातून. वाफेवर चालणाऱ्या कातयंत्रांनी एकाच नमुन्याचे शेकडो खांब रोज कातावे, व्यापाऱ्यांनी त्यांच्या सचित्र किंमतपत्रिका छापाव्या आणि घरमालकाने आकड्यावर बोट ठेवून मागणी नोंदवावी, असा क्रम सुरू झाला. कोपऱ्याकोपऱ्यावरचे खांब साधे राहिले. जिन्याच्या पायथ्याचा एकच खांब, जो सांध्याचे काम सर्वांत कमी करतो, तो मात्र दाराशीच दिसतो म्हणून जाडजूड आणि नक्षीदार झाला. अमेरिकेत त्याच्या माथ्यावर वायूचे दिवेही बसू लागले. अनेकदा तो आतून पोकळ असे, चार फळ्या जोडून केलेला. या पोकळपणातून अमेरिकेत एक मौजेची समजूत निघाली: घरावरचे कर्ज फिटले, की गहाणखताची गुंडाळी किंवा त्याची राख खांबात घालून वरून हस्तिदंती गुंडी बसवीत, असे तेथील लोक सांगतात. खांब फोडून पाहिले तर असा दस्तऐवज सापडत नाही. ती गुंडी बहुतेक वेळा खांब आवळणाऱ्या बोल्टाचे भोक झाकण्यासाठी असते. तरी कर्जमुक्तीची पावती घराच्या उंबरठ्यापाशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताखाली ठेवावी, ही कल्पना सुचणाऱ्याला मी मनोमन दाद देतो. १९४६ सालच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या अमेरिकन बोलपटात कर्जाने पिडलेल्या नायकाच्या हातात खांबाचा माथा दरवेळी सुटून येतो, तो याच पोकळ जातीचा.

मुंबईच्या चाळींत आणि जुन्या इमारतींत जे खांब आले ते या काळाचे वारस होत, पण त्यांची जात जरा निराळी आहे. ते बहुधा सागवानी असून भरीव आहेत, आणि मालकाने मक्तेदाराला पैसे मोजून दिल्यामुळे नक्षीला फाटा दिलेला आहे: चौरस अंग, कडा मारलेल्या, माथ्यावर एक गोळा. परिस्थितीने भाग पाडले म्हणून का होईना, येथे खांब पुन्हा आपल्या मूळ कामावर रुजू झाला. गोळ्याचाही उपयोग आहे. कठड्याच्या दांडीवरून घसरत येणाऱ्या पोरांना तोच थांबवतो, आणि ज्या चाळीत तो निखळला आहे तेथल्या पोरांचे गुडघे पाहिले असता त्याची महती पटते. या खांबांची चित्रे पुस्तकाच्या अखेरच्या विभागात दिली आहेत, आणि नोल-हॅटफील्डच्या शेजारी त्यांना जागा दिल्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. प्रकरणे कालानुक्रमाने लावलेली नाहीत. प्रथम सांधे, मग लोलक, मग माथे, आणि सर्वांत शेवटी घराणी व मालक, असा क्रम ठेवला आहे, कारण मालकांपासून सुरुवात केली की सुतारांपर्यंत पोचायला पाने उरत नाहीत. मापे फूट-इंचांतच ठेवली आहेत; ज्या कारागिरांनी हे खांब घडवले त्यांनी इंच, सूत आणि हात यांतच विचार केला, आणि दशमान पद्धतीत घातली असता पावणेसहा इंचांच्या खांबामागचा हिशेब वाचकाच्या ध्यानात येणे कठीण. सांध्यांच्या आकृत्या आडव्या छेदाने काढल्या असून, ज्या खाचा बाहेरून दिसत नाहीत त्या तुटक रेषांनी दाखविल्या आहेत. धंद्याने सुतार असलेल्या वाचकांना त्यांत काही उणे आढळल्यास त्यांनी ते प्रकाशकांमार्फत अवश्य कळवावे. लोलकांच्या प्रकरणातील तिसरी आकृती विशेष बारकाईने तपासावी, अशी त्यांना विनंती आहे.